फक्त चूळ भरणारा

चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसतो तो. सध्या डाएटवर आहे. संध्याकाळी जिममध्ये वजन करायचं असलं की सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही, नुसती चूळ भरतो. "पाणी म्हणजे वजनच की राव!" लघवी गडद पिवळी होते, तर म्हणतो, "चरबी निघतेय, भाऊ." डोंबलाची चरबी! उठताना चक्कर येते, सीट धरून उभा राहतो, तरी ऐकेल तर शपथ.

काल चिडून माझी भरलेली बाटली त्याच्या हातात कोंबली. तेवढ्यात बस तापून बंद पडली. त्यानं बाटली तशीच ड्रायव्हरला दिली आणि सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवत मलाच सुनावलं, "इंजिनला पाणी नको का? जळेल ना!"