बूअलामच्या पोटातला ठोका

केल्तूमने कॉफीचा पेला असा आदळला की बशीच तडकली.

"पुन्हा म्हण! काय म्हणालास?"

"ओरानच्या मोठ्या दवाखान्यात जाणार नाही," तिचा नवरा बूअलाम म्हणाला. "कापून घ्यायला मी काय ईदचा मेंढा आहे? तू तीनदा बेंबी बसवलीस, बरं वाटतंय मला." आणि त्याने सिगारेट शिलगावली.

अल्जीरियातल्या मोस्तागानेम गावच्या त्या गल्लीत बेंबी सरकली की बायका थेट केल्तूमकडे येत. सकाळी उपाशीपोटी उताणं निजवायचं, अल्लाहचं नाव घेऊन बेंबीत अंगठा रोवायचा, ठोका शोधायचा. बाजूला लागला तर चोळून, दाबून मधोमध आणायचा. सासूने शिकवलेलं. पस्तीस वर्षं ती ते करत होती, बदल्यात फक्त दुआ घेत होती.

नवऱ्याच्या पोटात लागला तो ठोका मात्र निराळा होता. सरकलेला नव्हता. तिच्या दोन्ही हातांची बोटं तो बाहेरच्या बाजूंना ढकलत होता. तिला शंका आली होती. तरी तीन सकाळी तिने तो दाबला. मग त्याची पाठ धरली, म्हणून मुलगी हसीबा दोघांना सोनोग्राफीला घेऊन गेली. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून साडेसहा सेंटीमीटर झाली होती. फुटली तर माणूस दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचायचा नाही.

तिथली तरुण डॉक्टरीण म्हणाली होती, "मावशी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराच्या राखणदार. सिगारेटच्या धुराने वाहिनीची भिंत दुखावली की त्या डागडुजीला धावतात. पण मग तिथून हलतच नाहीत. आणखी सोबतिणींना बोलावतात, आणि असे रस सोडतात की भिंतीतले लवचीक धागेच झिजून जातात. भिंत कमजोर होते, फुगते."

"राखणदारच घर पोखरतात? मग त्यांना आवरायचं औषध द्या."

"शोध चालू आहे, अजून हाती काही नाही. सध्या उपाय एकच, शस्त्रक्रिया, तीही ओरानला. आणि पोट दाबत असेल कुणी, तर पुन्हा दाबू देऊ नका."

कुणी! तो शब्द तेव्हापासून केल्तूमच्या छातीत जळत होता. दाबणारी आपणच, हे तिने तिथे सांगितलं नव्हतं.

आत्ता अंगणात शेजारीण मलूका सुनेला घेऊन बसली होती, बेंबी बसवायला. बूअलामने तिलाच साक्षीला धरलं. "सांग मलूका, हिचा हात कधी चुकलाय?"

"छे! ओरानच्या डॉक्टरांनीच हिच्याकडे शिकायला यावं."

"चुकलाय!" केल्तूम कडाडली. "ऐक नीट. बोटांना कळत होतं माझ्या. पण केल्तूमच्या नवऱ्यालाच दवाखाना लागला म्हणून लोक हसतील, म्हणून मी गप्प बसले. भलं करते म्हणत त्या फुगलेल्या नळीवरच जोर देत होते! उद्या अल्लाहने विचारलं तर काय सासूचं नाव पुढे करू?"

सुनेने घाईघाईने पोटावरचं कापड सारखं केलं.

"अगं बाई, हळू," बूअलाम पुटपुटला. "गावभर होईल."

"होऊ दे! मलूका, जा, सांग सगळ्यांना. आणि ह्या पोरीला आधी डॉक्टरकडे ने." तिने त्याच्या ओठांतली सिगारेट ओढून उंबऱ्यावर चिरडली. "माझ्या हाताचं नाव घेऊन मरायचं नाही, सांगून ठेवते."

चाळीस वर्षांच्या संसारात बूअलामने तिला चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं. ते बघून तो पहिल्यांदा घाबरला.

"बोलाव हसीबाला," तो म्हणाला. "पण शुक्रवारची नमाज पढूनच निघेन."

"आज मंगळवार आहे, अरे माणसा! ओरानमध्ये काय मशिदी नाहीत?"

तो बुटांकडे वाकू लागला. "वाकू नकोस!" ती ओरडली, स्वतः खाली बसली, आणि नाड्या बांधता बांधता त्याला, त्याच्या सिगारेटींना आणि स्वतःला शिव्या देत राहिली.