बर्फ जातो कुठे?

भावोजींना स्टँडवर त्यांचं खरं नाव कुणी कधी विचारलंच नाही. सगळे त्यांना खटपटे म्हणतात. हाताला लागेल ते उघडायचं, आत काय आहे ते बघायचं आणि बंद करताना एखादा स्क्रू उरवून ठेवायचा, ही त्यांची जन्माची खोड. त्यांची भाड्याची व्हॅन उभी राहते त्याच्या समोरच माझं बॅटरीचं दुकान आहे, त्यामुळे त्यांच्या खटपटींना लागणारी वायर, क्लिपा आणि शिव्या माझ्याकडूनच जातात. मी त्यांचा मेहुणा. त्यांची बायको माझी थोरली बहीण आहे. होती म्हणायला हवं, पण जीभ अजून वळत नाही.

ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दिवसाआड डायलिसिस. हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आणि वाटेत सावली म्हणून नाही. व्हॅनला एसी नव्हता, एसीची गाडी घेण्याची ऐपत नव्हती, विषय संपला. उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या गाडीत बसणं म्हणजे तापल्या तव्यावर बसणं. त्यात ताईला पाणी मोजून. दिवसाची एक छोटी बाटली, भावोजी सकाळी स्वतः भरून ठेवायचे. त्याच्यावर पाणी पोटात गेलं की ते अंगात साचायचं, छातीत चढायचं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "हृदय थकलंय. पाणी सांभाळलंत तर हा उन्हाळा निभावेल. नाहीतर मी काही सांगू शकत नाही."

मी एकदा मूर्खासारखं विचारलं, "ताई, फार तहान लागते का गं?"

"तू दुकानात जा बघू," ती म्हणाली.

तिची तहान भावोजींच्या हातात नव्हती. गाडीतला उकाडा मात्र होता. मग काय, माणूस पेटलाच. मासळीवाल्याकडून थर्मोकोलचा जाड डबा आणला. झाकणाला दोन भोकं पाडली. एका भोकात जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला, हवा आत ढकलणारा. दुसऱ्यात प्लंबरकडचा वाकडा पाइप, तोंड ताईच्या सीटकडे. डब्यात बर्फाचे खडे भरायचे आणि वितळलेलं पाणी खालच्या नळीतून बादलीत घ्यायचं. पंख्याची वायर मी सिगारेट लायटरच्या खोबणीला जोडून दिली. पाइपातून खरोखर गार झोत यायला लागला तेव्हा भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विमानच उडवलंय.

पहिल्या फेरीला ताई म्हणाली, "अहो, गार आहे खरं. पण बाजारातून मासळी घेऊन निघाल्यासारखं वाटतंय."

डबा लिंबाने घासला, वास गेला. स्टँडवरचे जे हसले होते तेच आठवडाभरात मान खाजवत आले, "खटपटे, आमच्या गाडीलाही एक करून द्या की."

आणि मग बर्फ नाहीसा व्हायला लागला.

म्हणजे असं, की जेवढा बर्फ टाकला तेवढं पाणी बादलीत येईना. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. पण खटपट्या माणसाला हिशेब न जुळणारं यंत्र म्हणजे दाढेत अडकलेला कण. "कुठेतरी गळतंय," भावोजी म्हणाले. सांधे लांबी भरून बुजवले, डब्याला चिकटपट्टी गुंडाळली, नळी बदलली. हिशेब जुळेना. मग एक दिवस झाकणाचा कोपरा कुरतडलेला दिसला, तसा त्यांचा चेहराच उजळला. उंदीर! ताईच्या सीटखाली पिंजरा लावला. बर्फ खाणारा उंदीर मी तरी बापजन्मात ऐकला नव्हता, पण त्यांच्याशी वाद कोण घालणार?

तिकडे हॉस्पिटलच्या काट्यावर ताईचं वजन दर खेपेला जास्त भरू लागलं. डॉक्टरीणबाई चिडल्या. "पाणी जास्त होतंय."

"बाई, माझा शब्द घ्या," भावोजी छातीवर हात ठेवून म्हणाले. "बाटली मी भरतो. वर एक थेंब जात नाही."

ताई मूग गिळून बसून होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

शेवटी गळती शोधायला त्यांनी माझ्या दुकानासमोर व्हॅनमधली मॅट उपटून काढली. खालचा पत्रा कोरडा ठणठणीत. पिंजराही रिकामा. मॅट मांडीवर घेऊन ते व्हॅनच्या पायरीवर बसले. मग झाकण हातात घेऊन त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिले. उंदराचे दात असे नसतात. तिथे नखांचे ओरखडे होते.

"गळत नाहीये रे," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी झाकण माझ्यापुढे धरलं. मलाही कळलं. वाटेत पुढे बघून गाडी चालवणाऱ्या नवऱ्याच्या पाठीमागे, हळूच झाकणाचा कोपरा उचलून माझी बहीण एकेक खडा तोंडात टाकत होती.

"तिला काही विचारू नकोस," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या खेपेला डब्यात खडे नव्हते. पाणी गोठवलेल्या बाटल्या होत्या, झाकणं पान्याने आवळलेली. त्या दिवशी मी पुढच्या सीटवर होतो. आरशात मला ताई दिसत होती. हायवे लागल्यावर तिचा हात डब्याकडे गेला. कोपरा उचलला. आत पाहिलं. मग तिने तो नीट खाली बसवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. भावोजींनीही आरशात पाहिलं होतं.

वजन आटोक्यात आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शाब्बास." भावोजींनी मान खाली घातली. ताईने मला एकदाच विचारलं, "बाटल्यांची कल्पना कुणाची?"

"भावोजींची."

"हुशार आहेत," ती म्हणाली. त्या बोलण्यात राग शोधूनही सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं.

उन्हाळा सरत आला आणि तिचं हृदय तरीही थकलं. एका खेपेला तिला हॉस्पिटलात ठेवूनच घेतलं. पाण्याचं काही नाही, आता शरीरच साथ देत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बाहेर बोलावून सांगितलं. "आता पथ्य राहू द्या. काय मागतील ते द्या."

भावोजींनी तिच्या कानाशी वाकून विचारलं. ती म्हणाली, "बर्फ."

ते धावत सुटले, मी मागे. पार्किंगमध्ये व्हॅन उघडली, डबा उघडला. आत बाटल्या, दगडासारख्या. त्यांनीच आवळलेली झाकणं त्यांना फिरवता येईनात. एक बाटली फरशीवर ठेवून ते चाकाच्या पान्याने तिच्यावर घाव घालत सुटले. प्लास्टिक दातांनी फाडलं, ओठ कापला. रुमालात खडे घेऊन आम्ही जिना चढलो, पायऱ्यांवर पाणी ठिबकत होतं.

ताईने एक खडा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अहो, डब्यातलाच ना?"

"हो गं."

"चोरून खाल्लेला जास्त गार लागायचा." आणि मग, श्वास घेत घेत, "पिंजरा लावलात तेव्हा हसू आवरताना माझा जीव जायचा बाकी होता."

भावोजी हसले. खरंच हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते पाणी मग थांबलंच नाही. तिने आणखी एक खडा घेतला. तिसरा नको म्हणाली. दुपारी ती गेली.

लोक समजूत घालतात, की बाटल्यांमुळेच ती इतके दिवस राहिली. एकदा भावोजी माझ्या दुकानात बसून म्हणाले, "असेलही. पण दिवस किती वाढले ते कुणाला सांगता येत नाही. तहान किती वाढवली ते मला माहीत आहे."

या उन्हाळ्यात स्टँडवरचा एक ड्रायव्हर आला. त्याच्या आईचंही डायलिसिस सुरू झालंय. भावोजींनी त्याला डबा करून दिला. पंखा, पाइप, नळी, सगळं चोख.

"बाटल्या ठेवू ना?" त्याने विचारलं. "जास्त वेळ टिकतात म्हणे."

भावोजींनी डब्याचं झाकण उचललं, परत बसवलं. मी हातातली वायर ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिलो.

"बाटल्याच ठेव," शेवटी ते म्हणाले. "पण निघण्याआधी दोन खडे आईच्या हातावर ठेवत जा. तेवढं पाणी तिच्या प्यायच्या बाटलीतून कमी कर. आणि चोरून दे तिला."