चाळीस जणांची बैठक

घरात सगळे त्याला अध्यक्ष म्हणत, थोडं कौतुकानं आणि बरंचसं चिडवायला. विम्याच्या कचेरीत तो प्रोग्रामर होता. ज्या प्रोग्रामिंग भाषेपायी त्याचं तरुणपण गेलं, ती आता नव्या पोरांना नावानंसुद्धा माहीत नव्हती. पण तिच्या चाहत्यांची विभागीय बैठक तो दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरवायचाच. सुरुवातीला खरोखर चाळीस माणसं यायची. मग कुणी नोकरी बदलली, कुणी भाषा. माणसं घटली, पण घरी सांगायचा आकडा काही घटेना. बूट काढता काढता तो म्हणायचा, "चाळीस तरी होते." एकदा मारलेली थाप परत कशी घ्यायची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

या शनिवारी बायको लवकर उठली आणि चाळीस जणांना पुरतील एवढी सँडविच करून मोकळी झाली.

"माणसं दिवसभर बिस्किटांवर काढतात म्हणता ना? आज मीही येते. बघू तरी तुमचा दरबार."

अध्यक्षाची पाचावर धारण बसली. बऱ्याच जणांना ताप आहे, आज गर्दी नसेल, असं त्यानं पुटपुटून पाहिलं. "उरलं तर घरी खाऊ," म्हणत ती डबे गाडीत ठेवूनही आली.

खोलीत दोन माणसं होती. एक निवृत्त प्राध्यापक, खुर्चीला पाठ टेकली की पेंगणारे. दुसरा पार्सल पोचवणारा, निव्वळ हौशी. खुर्च्या मात्र अध्यक्षानं आल्या आल्या सवयीनं आठ रांगांत मांडल्या.

"बाकीचे यायचेत का?" बायकोनं विचारलं.

"बाकीचे कोण?" पार्सलवाल्यानं अगदी सरळ मनानं विचारलं.

अध्यक्ष प्रोजेक्टरच्या वायरीशी खटपट करत राहिला. कान तापले होते. मग त्यानं भाषेच्या नव्या आवृत्तीवर तासभर भाषण केलं, तेही भरल्या सभेत करावं तशा खणखणीत आवाजात, कारण हळू बोलायची त्याला लाज वाटत होती. ती मागच्या रांगेत डबे मांडीवर घेऊन बसली होती. चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती, आणि तीच त्याला सोसवेना.

दुपारी ते दोघं गेल्यावर झाडायला मावशी आल्या. बायकोनं त्यांच्या हातात सँडविच ठेवलं.

"बरं झालं आलात," मावशी म्हणाल्या. "साहेबांना सोबत झाली. मागच्या थंडीत एकदा तर कुणीच फिरकलं नाही. म्हटलं, घरी जा की. तर म्हणाले, पाचच्या आधी गेलो तर घरी विचारतील. बसले आपले रिकाम्या खुर्च्यांसमोर. फोन सारखा वाजत होता, तोही उचलला नाही."

बायकोचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला. मागच्या थंडीतल्या त्या शनिवारी तिचे वडील गेले होते. शुद्ध होती तोवर जावयाची चौकशी करत होते, म्हणून ती दवाखान्यातून पुन्हा पुन्हा फोन लावत होती. अध्यक्षानं उचलला असता, तर भाषण चालू असल्याचं सोंग उघडं पडलं असतं. त्याला वाटलं होतं, फार तर भाजी आणायला सांगत असेल. त्या रात्री तो म्हणाला, "चाळीस माणसांसमोर फोन कसा घेणार?" आणि तिनं ते मानलं होतं.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते अध्यक्षाला त्या खोलीत कळलं. मावशी खाली गेल्यावर तो कसाबसा म्हणाला, "तुला कळलं असतं, इथे कुणीच येत नाही ते. एवढ्यासाठीच."

तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"आमचा दादा म्हणाला होता त्या दिवशी, मनात असतं तर आले असते ते. मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, चाळीस माणसं वाऱ्यावर सोडून कसे येतील? तेव्हापासून त्याच्या घराची पायरी चढले नाही मी."

तो एकेक खुर्ची उचलून दुसरीवर ठेवायला लागला.

"आता त्याला काय सांगू," ती म्हणाली, "तेवढं सांगा."