एक फळी उजवीकडे

सुताराने आयुष्यभर लाकडी जमिनी बसवल्या. गुडघे कामातून गेले, पण दोन फळ्यांच्या फटीत नख शिरेल असं काम त्याच्या हातून झालं नाही. असा माणूस बोलिंगच्या हॉलमध्ये, चेंडू टाकायच्या लाकडी लेनवर, एका फळीने चुकायचा. दर रविवारी, त्याच जागी.

खेळ जोडीचा. पहिला चेंडू त्याने टाकायचा, उरलेल्या पिना बायकोने पाडायच्या. त्याचा चेंडू पुढच्या पिनेला उजवीकडून ओझरता लागायचा. दहापैकी नऊ आडव्या, आणि मागची उजव्या कोपऱ्यातली ढिम्म उभी.

"अहो, चेंडू उजवीकडे जातोय ना? मग उभं राहतानाच एक फळी उजवीकडे सरका. नजर आहे तिथेच ठेवा, म्हणजे चेंडू तिरका डावीकडे येईल. सगळ्या पडतील. मलाही जरा बसू द्या की."

"बरं," म्हणायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

मग ती उठायची. शिवणकामाने आखडलेली पाठ ताठ करायची, आपला हलका निळा चेंडू फडक्याने पुसायची आणि कोपऱ्यातली पिन अचूक टिपायची. परत येताना नवऱ्याकडे बघून भुवई उडवायची.

तिचं दुखणं कळलं तेव्हा उशीर झाला होता. ती गेली. सुतार घरात बसून राहिला. शेवटी तिच्या धाकट्या भावानेच त्याला ओढून हॉलमध्ये नेलं. सुताराने पिशवीत दोन्ही चेंडू घेतले.

पहिल्याच फेकीला कोपऱ्यातली पिन उभी राहिली. मेव्हण्याने निळा चेंडू उचलला, पण तिच्या मापाच्या भोकांत त्याची बोटं जाईनात. त्याने हॉलचा चेंडू घेतला. तो सरळ कडेच्या पन्हाळीत गेला.

"दाजी, हे माझं काम नाही. तुम्हीच सरका एक फळी. ताई सांगून सांगून थकली."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सरकला का नाहीत?"

सुतार बुटाची नाडी बांधत राहिला. ती सुटलेली नव्हती.

"सगळ्या पडल्या असत्या, तर ती उठली असती का?"

मेव्हणा हळूच म्हणाला, "तिला कळलं होतं, दाजी. म्हणायची, फळ्या मोजण्यात जन्म गेला आणि एक फळी कळत नाही म्हणे! लबाड आहे. करू दे."

सुताराने मान खाली घातली.

मग उठला. पाय जुळवले. एक फळी उजवीकडे सरकला, नजर होती तिथेच ठेवली, आणि चेंडू सोडला.

सगळ्या पडल्या. कोपऱ्यातलीसुद्धा. यंत्राच्या दांडीने त्या मागे ओढून नेल्या. शेजारच्या लेनवर कुणीतरी टाळी वाजवली.

सुतार सवयीने बाजूला झाला, तिला वाट द्यायला. मग मागच्या रिकाम्या खुर्चीकडे वळला.

"बस आता," म्हणाला.

डाव अर्धाच राहिला. त्याने चेंडू पिशवीत भरले. निळा आधी फडक्याने नीट पुसला.