तलावात कलंडलेले यंत्र

एकरूख तलावाकाठचा तो प्रकार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी तेव्हा सोलापुरात नवा फौजदार होतो. आमच्या वैराग गावच्या घरातला मी पहिलाच कॉलेजात शिकलेला. त्यामुळे आपले काही चुकेल, ही धास्ती कायम असे.

एका गिरणीतला गोरा इंजिनीअर जागच्या जागी वर उठणारे यंत्र बनवत होता. डोक्यावर मोठा पंखा, खाली चाके, आणि चाकांलगत पत्र्याची दोन लांब, बंद पिंपे. ते जमिनीवर टेकावे आणि पाण्यावरही तरंगावे, अशी कल्पना. उडणे दूरच राहिले. खंडेनवमीच्या सकाळी साहेब त्यात बसला, यंत्र तलावात ढकलले आणि ते कलंडले. भोयांनी ओढून काढले म्हणून साहेब वाचला. पिंपांच्या तळाची पितळी बुचे जागेवर नव्हती.

दिवस चळवळीचे होते. घातपात समजून तपास करा, असा वरून हुकूम आला. दुपारी खबऱ्याने सांगितले की, या यंत्रावर साहेबाच्या हाताखाली काम करणारा भवानी पेठेतला फिटर आदल्या संध्याकाळी बुचे काढताना दिसला होता. त्याला ठाण्यावर आणले. त्याने लगेच कबूल केले. "बेस झालं, वरडायचं काम न्हाई, आमचा घसा वाचला," जमादार म्हणाले. पण बुचे कुठे आहेत, यावर फिटर गप्प. तुरुंगात सडशील म्हणून दरडावले, तरी गप्प.

त्याच्या बोटांवर हळद दिसत होती. जमादारांना बाहेर पाठवून मी विचारले, "मामा, बुचं कशापायी काढली?"

"खंडेनवमी हाय की साहेब. यंत्र धुतलं. पिंपात पाणी गेलेलं, ते निथळाया नको?"

"मग परत का नाही बसवली?"

"हत्यारासंगं पूजंला मांडली. दसऱ्यापातूर हात लावत न्हाईत. साहेबानं यंत्र दसऱ्यानंतर पाण्यात उतरवू म्हणून सांगितलं व्हतं."

"हे आधी का नाही बोललात?"

"तुमची मानसं बूट घालून देवापुढं शिरली असती."

मी पंचांसह त्याच्या घरी गेलो. बूट बाहेर काढले. देवापुढे नट आवळायचे पाने, हातोडी आणि दोन बुचे मांडलेली होती. सगळ्यांवर हळदकुंकू, वर झेंडूची फुले. घातपात करणारा बुचे तलावात फेकून देतो, त्यांची पूजा करत नाही. पंचनामा उंबऱ्यातूनच केला.

गिरणीला सुट्टी होती म्हणून चाचणी अगोदर उरकली, फिटरला कळवायचे राहून गेले, असे साहेबाने जबाबात मान्य केले. फिटर सुटला. दसऱ्याच्या संध्याकाळी तो बुचे घेऊन स्वतः ठाण्यावर आला आणि जमादारांनाही आपट्याचे पान देऊन गेला.

कबुली मिळाली की तपास संपला, असे ठाण्यात मानतात. इथे कबुली खरी होती, गुन्हाच नव्हता. पुढे नोकरीत कोणी "व्हय, मीच केलं" म्हणाले की मी लेखणी खाली ठेवून आधी विचारत असे, कशासाठी?