सासऱ्यांची गोळी मला

पहिल्या खेपेला माझे पाय असे सुजले होते की मांडवीच्या वाळूत चालले तर हत्ती गेल्यासारखे खड्डे पडायचे. हसू नका, अर्धं तरी खरं आहे. पण ब्लडप्रेशर चढलं ते पूर्ण खरं. सातव्या महिन्यातच बाळ काढावं लागलं, आणि एवढीशी माझी लेक काचेच्या पेटीत पडून राहिली. जगली. आता घर डोक्यावर घेते.

म्हणून दुसऱ्या खेपेला चौथा महिना लागताच डॉक्टरीणबाईंनी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी लिहून दिली, रोज रात्री एक.

पाकीट घरी आलं आणि सासूबाईंची नजर पडली. ती नजर खाडीपलीकडचं पापलेट ताजं की शिळं ते सांगते.

"अगो, ही तर ह्यांची हार्टाची गोळी! डॉक्टरणीने घोळ घातलान."

"आई, मलाच दिल्येय ती."

"रक्त पातळ करते ती! पोटुशीला आम्ही पपईसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही."

पाकीट सासऱ्यांच्या औषधांच्या डब्यात गेलं. पेपरातून डोकं वर न काढता सासरे म्हणाले, "तिचं तिला दे. माझं रक्त आधीच पातळ आहे, म्हणून तर तुझ्यापुढे बोलत नाही."

एरवी मी गल्ली गोळा केली असती. पण डोळ्यांपुढे ती पेटी आली. सासूबाईंना रिक्षात घातलं आणि थेट दवाखाना गाठला.

"गोळी तीच, काम वेगळं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथे बाळाला पोसणाऱ्या वारेला रक्त नीट पोचावं म्हणून."

"आणि घेऊनही प्रेशर चढलं तर?" मी विचारलं.

"चढू शकतं. धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून तपासणी चुकवायची नाही. डोकं दुखलं, अंधारी आली तर लगेच यायचं."

घरी येताच सासूबाईंनी पाकीट सासऱ्यांच्या डब्यातून काढून माझ्या हातात ठेवलं. गल्लीच्या इतिहासात पहिल्यांदाच माघार!

त्या रात्रीपासून पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. "आ कर. जीभ उचल." शेजारच्या गरोदर सुनेलाही गोळी द्यायला निघाल्या होत्या, मीच अडवलं. "आई, ज्याला डॉक्टर सांगतील त्यालाच!"

मध्ये एकदा प्रेशर किंचित चढलं, दोघींची तोंडं उतरली, मग तेही उतरलं. दिवस भरले. पोरगा असा रडला की मिरकरवाडा बंदरातल्या लाँचींनी म्हणे भोंगा समजून नांगर उचलले.

"ह्याला पेटीत नाही ठेवायचं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"कशाला? आईजवळ द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण आईजवळ कोण देतंय! मी हात पुढे केले, तर त्या पोराला घेऊन खिडकीकडे वळल्या.