कूलरची नळी कुणी ठेवली?

माझी बायको आयुष्यात एकदाही काही विसरली नाही.

हे वाक्य वाचून आमचे नातेवाईक पोट धरून हसतील, याची मला कल्पना आहे. महानंदा म्हणजे विसराळूपणाचा कळस, हे सोलापूरपासून टेंभुर्णीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. कुठल्याही लग्नात पंगत बसली की कुणीतरी म्हणणारच, "ते कूलरचं सांगा की!" मग कूलरचं सांगितलं जातं, आणि वाढपीसुद्धा जिलबीची परात हातात धरून ऐकत उभा राहतो. महानंदा गेली त्या आठवड्यात लोक भेटायला आले, तेव्हाही ते सांगितलं गेलं. माणसं रडता रडता हसली. मीही हसलो.

ते हसणं काही केल्या घशाखाली उतरत नाही. म्हणून आता कूलरचं मीच सांगतो.

मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. दुसऱ्यांची यंत्रं मी उत्तम सांभाळली, कारण तिथं पाच वाजता घंटा व्हायची. घरी घंटा नव्हती! घरी मी एक काम करायला निघालो की वाटेत दुसरं भेटायचं, दुसऱ्याच्या ओळखीनं तिसरं यायचं, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात मिक्सर, पंखा आणि शिलाई मशीन अशी तिघंही पोट उघडून पडलेली असायची. महानंदा अक्कलकोटकडची. ती कानडीत म्हणायची, "सुम्म कुंद्री!" म्हणजे गप बसा. संसारात हे वाक्य तिनं मला जितकं ऐकवलं, तितकं देवाचं नावही घेतलं नसेल.

त्याच काळात मी घरी संगणक जोडला. नव्या पेठेच्या मागच्या एका बोळातून जुने सुटे भाग आणले. सगळं जमलं, पण ते बसवायचा पत्र्याचा खोका महाग वाटला. म्हणून मी महानंदाचा कडक भाकरीचा डबा घेतला. भाकऱ्या बाहेर, संगणक आत! (डब्याला हवेसाठी मी भोकंही पाडली. विचारून नाही.) तिनं एक दिवस तोंड फुगवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की भोकांतून गरम हवा येते. तेव्हापासून पावसाळ्यात भाकऱ्या सादळू नयेत म्हणून ती त्या डब्यावरच रचायला लागली. खरं सांगायचं तर त्या संगणकाचा आमच्या घराला झालेला फायदा एवढाच.

माझं स्वप्न मात्र मोठं होतं. घर आपोआप चाललं पाहिजे! संगणकाला प्रिंटर जोडायची जी जागा असते, तिथून मी तारा काढल्या आणि त्या दिवा, पंखा, दारावरची घंटा आणि कूलर यांना नेऊन भिडवल्या. उन्हाळ्यात कूलरमध्ये बादल्या ओतून महानंदाची कंबर धरायची. म्हणून अंगणातल्या पिंपात एक छोटी मोटर सोडली, तिथून कूलरपर्यंत नळी आणली. संगणकाची एक कळ दाबली की कूलर भरणार, बायकोच्या कमरेला आराम! हेतू बघा किती चांगला होता. माझे सगळे घोटाळे चांगल्या हेतूनंच झाले आहेत.

आमची एकुलती एक मुलगी सुवर्णा. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तिला बघायला टेंभुर्णीहून पाहुणे येणार होते. वाहतुकीचा धंदा, हायवेला स्वतःची जागा, मुलगा इंजिनिअर. महानंदा पहाटेपासून शेंगापोळ्या करत होती.

"तुम्ही आज कशालाच हात लावू नका," ती म्हणाली.

"फक्त नळी कूलरला जोडतो. एक मिनिट!"

नळी घेऊन मी बैठकीतल्या सोफ्यावर चढलो. कूलर तिथंच खिडकीत होता. बघतो तर नळी आवळायची क्लिप नाही. म्हणून नळीचं तोंड मी एक मिनिटासाठी पडद्याच्या दांडीवर टेकवलं, पडद्याच्या चुण्यांत, आणि क्लिप शोधायला आत गेलो. खणात क्लिप नव्हती, पण जुना रेडिओ होता. रेडिओत एक सुटा भाग होता, जो मी कित्येक महिने संगणकासाठी शोधत होतो. तो घेऊन बैठकीच्या कोपऱ्यातल्या संगणकाकडे गेलो, भाकऱ्या उतरवल्या, डबा उघडला... आणि दारात गाडीचा हॉर्न वाजला.

पाहुणे आले. मुलाचे वडील पांढरीशुभ्र टोपी, कडक इस्त्रीचं धोतर, असे बरोबर सोफ्याच्या मधोमध बसले. बरोबर पडद्याखाली.

"लई उकडतंय की वो सोलापुरात," ते म्हणाले.

बस! एवढंच निमित्त मला पुरे होतं. "आता गंमत बघा. जागचं न उठता कूलर भरून दाखवतो!" असं म्हणून मी कळ दाबली.

नळीनं प्रथम एक ढेकर दिला. मग पडदा हलला. आणि मग व्याह्यांच्या टोपीवर अशी अखंड, मोजून मापून धार लागली की सांगता सोय नाही!

"आवं! आवं! मी काय म्हादेवाची पिंड हाय व्हय!"

मी बंद करायची कळ दाबली. संगणक ढिम्म! पुन्हा दाबली. पंखा बंद झाला. पुन्हा दाबली. दारावरची घंटा वाजायला लागली, ती थांबेचना. मुलाची आई दार उघडायला धावली. बाहेर कुणी नव्हतं. तेवढ्यात दिवा गेला, आणि त्याच क्षणी आमची सुवर्णा चहाचा ट्रे घेऊन, मान खाली घालून, ओल्या फरशीवर आली. ट्रे पुढं गेला, सुवर्णा मागं बसली! शेवटी महानंदा धावत आली आणि तिनं भिंतीतला मेन स्विच खटकन खाली ओढला.

व्याह्यांच्या हातातल्या बशीत शेंगापोळी तरंगत होती.

विहीणबाईंनी पडदा बाजूला सारला. "ही नळी हितं कुणी ठिवली?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सुवर्णाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, आता मुलाकडचे म्हणणार, बाप खुळा आहे, घरात खूळ आहे. आणि माझ्या तोंडून निघालं, "हिनं ठेवली असेल. साफसफाई करताना."

महानंदानं माझ्याकडं पाहिलं. फार नाही, पदराला हात पुसण्याएवढाच वेळ. मग ती म्हणाली, "हौदु की, हो. मीच ठेवली. विसरलेच बघा."

आधी व्याही हसले, मग सगळेच. "नळी इसरनारी विहीण चालंल आपल्याला! मन मोठं पायजे!" लग्न ठरलं. रात्री मी तिला म्हणालो, "अगं, लग्न झालं की मी खरं सांगतो."

"पोरीचं जमलं ना? मग सोडा."

मी सोडलं. मी जगातल्या सगळ्या गोष्टी विसरतो, चष्मा, किल्ल्या, दुधाचं पातेलं. पण ही एक गोष्ट कधी विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं!

गोष्ट मात्र वाढत गेली. टेंभुर्णीत कुणाची चप्पल हरवली तरी म्हणायचे, "सोलापूरच्या विहीणबाई येऊन गेल्या वाटतं!" महानंदा हसायची. ती हसते म्हणून मला वाटायचं, तिला काही वाटत नाही.

मग सुवर्णाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं. महानंदानं मधली खोली रिकामी केली (म्हणजे माझे तीन रेडिओ आणि दीड पंखा बाहेर काढला), भिंतींना चुना दिला, आपल्या मऊ सुती साड्या फाडून, उकळून दुपटी शिवली. शेकशेगडी आणली. डिंक, खोबरं, अळीव डब्यांत भरून ठेवलं. रोज त्या खोलीत जाऊन उगीच उभी राहायची.

डोहाळेजेवणाला आम्ही टेंभुर्णीला गेलो. तिथं विहीणबाई अगदी मायेनं म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नगा, पन बाळंतपन आमी हितंच करू. तुमचं मन लई मोठं. पन इसराळू मानूस, शेगडी तशीच ऱ्हायली, ग्यास चालू ऱ्हायला... तान्हं लेकरू हाय."

महानंदाच्या हातात ओटीचा नारळ होता. ती माझ्याकडं वळली. नुसती बघत राहिली, आणि मला ठाऊक होतं ती कशाची वाट बघते आहे.

मी उठलो आणि म्हणालो, "तुमच्या कूलरमध्ये पाणी आहे का बघून येतो."

जानेवारी होता.

परत आल्यावर महानंदानं दुपटी बांधून एसटीनं टेंभुर्णीला पाठवली. मधली खोली मला परत दिली. "घ्या, ठेवा तुमचे रेडिओ," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिनं मला गप बसा म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

आता सुवर्णा पुण्यात असते. महानंदा गेल्यावर काही महिन्यांनी सुवर्णाचा फोन आला. "अप्पा, मला नाव सापडलं! माझ्या गोंधळाचं. एडीएचडी म्हणतात, लक्ष एका जागी टिकतच नाही. मोठ्या माणसांनाही असतं. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी म्हटलं, माझी आई! कूलरचं सांगितलं. तेही हसले."

मी हातातला पेचकस खाली ठेवला.

"अप्पा, किल्ली हरवली की पूर्वी मी स्वतःला थोबाडीत मारायची. आता वाटतं, आई आली. माझ्यात आहे ती. बरं वाटतं."

फोन ठेवला तेव्हा माझ्यासमोर चार पेचकस आणि एक उघडा मिक्सर होता. मीही इथल्या एका डॉक्टरांकडं गेलो. (पहिली वेळ विसरलो. ते म्हणाले, निम्मं निदान तिथंच झालं.) उरलेलं निम्मंही झालं. आता मी पेचात पडलो. खरं सांगावं तर पोरीची आई दुसऱ्यांदा जाते. न सांगावं तर महानंदा कायमची विसराळू राहते.

पहिल्या पुण्यतिथीला सगळे आमच्याकडं जमले. जेवणाआधी मी उभा राहिलो. "त्या कूलरचं मला सांगायचंय," म्हणताच लोक आधीच हसायला लागले. मी सुरुवात केली. पण मोटर कुठली हे सांगताना ती कशी स्वस्तात मिळाली ते आठवलं, त्यावरून तो बोळ, बोळावरून दुकानदार, दुकानदाराचा रेडिओ... अर्धी मंडळी ताटांकडं सरकली. शेवटी सुवर्णा म्हणाली, "अप्पा, नळी!"

"नळी मी ठेवली होती!" मी ओरडलोच. "महानंदा काही विसरली नव्हती. मी खोटं बोललो. बाळंतपण माझ्यामुळं गेलं तिचं!"

मग व्याही उठले, टोपी काढून डोळे पुसले आणि मला कडकडून मिठी मारली. "बघा, बघा! बायकू गेल्यावरबी तिचा दोष सवताच्या अंगावर घेतोय मानूस! असा नवरा कुटं मिळंल!" विहीणबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "पुन्यवान गं बाई, पुन्यवान!"

"अहो, खरंच मी..."

"असूं द्या, असूं द्या. कळतंय आमाला."

सुवर्णा मात्र मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. "नळी दांडीवर ठेवून तुम्ही कुठं गेलात?"

"क्लिप आणायला. खणात रेडिओ दिसला. रेडिओत तो भाग..."

"आणि तो घेऊन संगणकाकडं. आणि नळी डोक्यातून पुसलीच गेली. काही विसरलोय हेसुद्धा कळलं नाही." ती खाली बसली. असा रस्ता बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतो. तिला पावलापावलानं ठाऊक होता. "म्हणजे किल्ली हरवते तेव्हा आई नसते. तुम्ही असता."

"हो."

"तुम्ही तर रोज फोनवर असताच, अप्पा," ती म्हणाली, आणि लहानपणी रडायची तशी रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण ती टेकलीही नाही. बऱ्याच वेळानं उठली, तोंड धुतलं, आणि बाहेर जाऊन सासूला सांगितलं, "माझी आई काही विसरली नव्हती. अप्पा खरं बोलताहेत."

सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. "व्हय गं माझी बाई. बापाचं मन राखती. गुनाची हाय."

तेव्हापासून सुवर्णाचे फोन येतात, पण कमी. किल्ली हरवल्याचं मला सांगत नाही. व्याह्यांचे मात्र रोज येतात. त्यांनी टेंभुर्णीत समाजाच्या मेळाव्यात माझा सत्कार ठरवला आहे. आदर्श पती म्हणून! मी दोनदा नाही म्हणालो, तर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की माणूस किती नम्र आहे.

खोटं बोलून मी महानंदाचं नाव घालवलं होतं. आता खरं बोललो, तर तिचा मोठेपणाही माझ्याच अंगावर येऊन पडला, आणि वर शाल!